स्पायनोसॉरस जमवताना: निवड, मोजमाप, परीक्षण आणि जपणूक

दिसेल तो खेळण्यातला डायनासोर घेत गेलं की वर्षभरात कपाट भरतं, पण दोन फिगरची (म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृतींची) तुलना करायची म्हटली तर करणार कशाची? ट्रायसेराटॉप्सशेजारी ब्रॅकिओसॉरस ठेवून कुठली कंपनी सरस ते कळत नाही. एकच प्रजाती धरली की हीच अडचण सुटते. शिंग, नखं, दात, शेपूट हे सगळं प्रत्येक फिगरमध्ये पुन्हा पुन्हा बघितलं जातं आणि नजर तयार होते. त्यासाठी स्पायनोसॉरस एजिप्टियाकस (पाठीवरच्या लांब काट्यांवर कातडीचं शीड असलेला मांसाहारी डायनासोर) हा सगळ्यांत चांगला प्राणी, कारण त्याच्याबद्दलची माहिती इतक्या वेळा बदलली आहे की खेळण्याचा आकार बघूनच ते कुठल्या काळातलं आहे ते सांगता येतं. आपल्याकडचा राजासॉरस मनाला जास्त जवळचा वाटेल, पण त्याच्या फिगर इतक्या कमी निघाल्या आहेत की संग्रह चार-दोनवरच अडकतो.

आधी हाडं, मग खेळणं

परीक्षण करायचं तर एवढा इतिहास पाठ हवाच. इजिप्तमधल्या बहारिया ओअॅसिसमध्ये १९१२ साली याचा सांगाडा सापडला. जर्मन संशोधक अर्न्स्ट स्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये त्याला नाव दिलं. खालचा जबडा, काही मणके आणि त्यांच्यावरचे प्रचंड लांब काटे, एवढाच तो ऐवज होता. सगळ्यांत लांब काटा १.६५ मीटरचा. ही हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ मधल्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. मागे उरली ती स्ट्रोमर यांची चित्रं, वर्णन आणि थोडी छायाचित्रं. म्हणजे पुढची कित्येक दशकं खेळणी बनवणाऱ्यांच्या हाती काटे होते, पण थोबाड नव्हतं.

म्हणूनच सगळ्यांत जुन्या फिगरचा चेहरा आखूड, चौकोनी, साध्या मांसाहारी डायनासोरसारखा दिसतो. प्राणी कांगारूसारखा ताठ उभा असतो आणि शेपूट जमिनीवर टेकलेली असते. इंग्लंडमध्ये सापडलेल्या बॅरिओनिक्स या नातेवाइकाला १९८६ मध्ये नाव मिळालं आणि मगरीसारखं लांब थोबाड सर्वांना माहीत झालं. त्यानंतरच्या फिगरची थोबाडं हळूहळू लांबली. २००१ मध्ये ‘जुरासिक पार्क ३’ आला आणि स्पायनोसॉरस घराघरात पोचला. हास्ब्रोची त्या वर्षीची खेळणी आणि पुढे कित्येक कंपन्यांच्या फिगर याच साच्यातल्या: उंच पाय, अर्धगोल शीड, बारीक गोल शेपूट.

२०१४ मध्ये मोरोक्कोतल्या नव्या सांगाड्यावरचा निबंध आला आणि सगळं उलटलं. मागचे पाय आखूड, एकूण लांबीच्या साधारण पाव भाग. शिडाच्या मधोमध खळगा असलेली आकृतीही याच वेळी पुढे आली. काही कंपन्यांनी तर त्याला चारही पायांवर चालवला. तो तसा चालत असेल हे मात्र आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. मग २०२० मध्ये त्याच सांगाड्याची शेपूट प्रसिद्ध झाली. तिच्या वरच्या बाजूला लांब काटे, खालीही लांब हाडं, म्हणजे वल्ह्यासारखी उंच आणि चपटी शेपूट. बाजारातल्या जवळपास सगळ्या फिगर एका दिवसात जुन्या झाल्या. सफारी लिमिटेडची २०१९ ची फिगर हे त्याचं ठळक उदाहरण. काम अतिशय मेहनतीचं, पण पुढच्याच वर्षी शेपूट चुकीची ठरली.

ही फिगर वाईट म्हणायची का? नाही. संग्रह करणाऱ्याने मनाशी पक्कं करायची गोष्ट हीच आहे: फिगरला तिच्या वर्षातल्या माहितीच्या मापाने तोलायचं. १९९० च्या फिगरला वल्ह्याची शेपूट नाही म्हणून गुण कापणं अन्याय आहे. २०२३ च्या फिगरला ती नसेल, तर मात्र कापायलाच हवेत.

सुरुवातीला एवढंच करा. चार पिढ्यांची एकेक फिगर मिळवा: आखूड तोंडाची, उंच पायांची, आखूड पायांची पण बारीक शेपटीची, आणि वल्ह्याच्या शेपटीची. कंपनी कुठलीही चालेल. चार ओळीत उभ्या केल्या की पुढे काय घ्यायचं ते आपोआप दिसतं.

सातारा-सांगलीत कुठे शोधायचं

साताऱ्यात राजपथ आणि मोती चौकाचा परिसर, सांगलीत मारुती रोड आणि गणपती पेठ इथल्या खेळण्यांच्या दुकानांत बादलीतले किंवा जाळीच्या पिशवीतले संच असतात. दहा-बारा डायनासोरांच्या अशा संचात एक तरी शीडवाला असतोच. पण शीड आहे म्हणजे स्पायनोसॉरस, असं समजू नका. चार पायांवर पसरून उभा, पाय बाजूला फाकलेले आणि आखूड तोंड असेल तर तो डायमेट्रोडॉन. तो डायनासोरही नाही आणि काळानेही कित्येक कोटी वर्षं आधीचा. अंगठ्याच्या मोठ्या नखाचा, खालच्या पाठीवर लहान शीड असलेला दिसला तर तो सुकोमिमस असू शकतो.

पहिल्या पिढीचा आखूड तोंडाचा नमुना नव्या दुकानात शोधू नका. तो जत्रेत मिळतो. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, तासगावचा रथोत्सव अशा ठिकाणी बसणाऱ्या खेळण्यांच्या दुकानांत अजूनही जुन्या साच्यांतून काढलेला माल येतो, कारण साचा महाग असतो आणि तो झिजेपर्यंत वापरला जातो. पहिल्या दिवशी सकाळी जा. शेवटच्या दिवशी भाव उतरतो, पण तोवर शिडाच्या कडा चिरडलेले पीसच ढिगात उरतात. भंगार-रद्दीच्या दुकानातही सांगून ठेवा. मुलं मोठी झाली की खेळण्यांची पोती तिकडेच जातात.

दुकानात हातात घेतल्यावर चार गोष्टी बघा. पोट दाबा. आत जात असेल तर पोकळ आहे. पोकळ असणं हा दोष नाही, पण पुढे धुताना आणि गरम पाण्यात बुडवताना ते माहीत असावं लागतं. वास घ्या. घासलेटसारखा उग्र दर्प असेल तर ती फिगर लहान मुलांच्या हाती द्यायची नाही आणि बंद कपाटात इतरांसोबत ठेवायची नाही. शिडाला उजेडासमोर धरा. बुडाशी पांढरट रेघ दिसली तर तिथे प्लॅस्टिक वाकून थकलेलं आहे, तिथेच तुटणार. शेवटी पोटाखाली किंवा तळपायावर कोरलेली अक्षरं वाचा. तिथलं वर्ष साचा तयार झाल्याचं असतं, ती फिगर कारखान्यातून निघाल्याचं नव्हे. २००५ लिहिलेली फिगर दहा वर्षांनंतरही बनलेली असू शकते.

पापो (फ्रेंच खेळणी कंपनी) किंवा कार्नेगी मालिकेच्या नकला ऑनलाइन भरपूर विकल्या जातात. (कार्नेगी मालिका सफारीने १९८८ ते २०१५ या काळात काढली, म्हणून ‘नवी कार्नेगी’ असं कुणी म्हटलं की सावध व्हा.) अस्सल फिगरवरून साचा काढून बनवलेली नक्कल मूळपेक्षा किंचित लहान भरते, कारण प्लॅस्टिक थंड होताना आकसतं. खवले बोथट होतात, कोरलेलं नाव पुसट होतं किंवा मुद्दाम घासून काढलेलं असतं. विक्रेत्याकडे तळपायाचा आणि मोजपट्टीसह बाजूचा फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

मोजमाप

लागेल काय: शिंप्याची टेप, शिवणाचा दोरा, स्टीलची पट्टी, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि दोनशे पानी वही.

लांबी सरळ रेषेत मोजायची नाही. थोबाडाच्या टोकापासून दोरा मानेवरून, शिडाच्या बुडाजवळून, कंबरेवरून शेपटीच्या टोकापर्यंत वळणावळणाने न्या आणि मग तो दोरा टेपवर ताणून मोजा. शेपूट वळवलेल्या फिगरमध्ये सरळ लांबी आणि दोऱ्याची लांबी यांत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो आणि प्रमाण पार चुकतं.

प्रमाण काढायला प्राण्याची लांबी १४ मीटर, म्हणजे १४०० सेंटिमीटर धरा. अंदाज वेगवेगळे आहेत, पण वहीभर एकच आकडा धरला तरच तुलना जमते. दोरा ३१ सेंटिमीटर भरला तर १४०० भागिले ३१, म्हणजे साधारण १:४५. आता याच प्रमाणाने शीड तपासा. स्ट्रोमर यांचा सर्वांत लांब काटा १६५ सेंटिमीटरचा. त्याला ४५ ने भागलं की ३.७ सेंटिमीटर येतात. काट्याचा खालचा भाग पाठीच्या मांसात गेलेला असणार, त्यामुळे फिगरच्या पाठीवर दिसणारं शीड यापेक्षा उंच असायला नको. पाच-सहा सेंटिमीटर भरलं तर ते दिखाव्यासाठी फुगवलं आहे, हे तुम्ही आकड्यानिशी लिहू शकता. हीच मोजणी डोक्याचीही करा. डोकं एकूण लांबीच्या साधारण आठव्या भागाइतकं हवं. खेळण्यांत ते बहुतेक वेळा मोठं केलेलं असतं, कारण दुकानात गिऱ्हाईक आधी तोंडच बघतं.

वजन नोंदवा. त्याच साच्याचा पुढे आणलेला माल कधी कधी वीस-तीस ग्रॅमनी हलका लागतो. याचा अर्थ कंपनीने प्लॅस्टिक पातळ केलं किंवा भरीव भाग पोकळ केला. दोन वेळचा माल ओळखायला वजनासारखी दुसरी खूण नाही.

गुण कसे द्यायचे

विज्ञानाचे पन्नास आणि कारागिरीचे पन्नास, असे वेगळे गुण द्या आणि त्यांची बेरीज करू नका. बेरीज केली की सुंदर रंगवलेली चुकीची फिगर आणि ओबडधोबड रंगाची अचूक फिगर सारखीच दिसते. वाचणाऱ्याला मात्र नेमका तोच फरक हवा असतो.

विज्ञानात डोक्याला सर्वाधिक वजन, वीस गुण. वरच्या जबड्याचं टोक किंचित फुगीर आणि त्यामागे खाच हवी. दात सुळक्यासारखे, सरळ, गोल. करवतीसारखे चपटे, मागे वाकलेले दात कोरले असतील तर कारागिराने टी-रेक्स समोर ठेवून काम केलं आहे. नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला नसतात, त्या मागे, डोळ्यांच्या दिशेला सरकलेल्या असतात. हीच चूक सर्वाधिक दिसते आणि महागड्या फिगरही तिला अपवाद नाहीत. डोळ्यांच्या वर-पुढे लहानसा तुरा असायला हवा.

हातांना दहा. बोटं तीन, आणि तळवे एकमेकांसमोर, टाळी वाजवताना असतात तसे. जमिनीकडे तळवे वळवलेले हात जुन्या फिगरमध्ये सर्रास आढळतात. पायाला दहा. स्पायनोसॉरसच्या पायाचं पहिलं बोट लांब आहे, त्यामुळे चार बोटं जमिनीला टेकलेली हवीत. इतर मांसाहारी डायनासोरांसारखी तीनच टेकलेली असतील तर अर्धे गुण कापा. अर्थात हे २०१४ नंतरच्या फिगरसाठी. उरलेले दहा शीड आणि शेपटीला.

पोहणारी ठेवण, उथळ पाण्यात उभी ठेवण, मासा पकडलेली ठेवण यांवर गुण कापू नका. २०२२ मध्ये हाडांच्या घनतेवरून एका गटाने हा प्राणी पाण्याखाली शिकार करत असे असं मांडलं, तर दुसऱ्या गटाने तो काठाकाठाने शिकार करणारा होता असं मांडलं. वाद चालू असताना कारागिराने कुठलीही बाजू घेतली तरी ती चूक ठरत नाही.

कारागिरीत सांधा बघा. हात, पाय आणि शेपूट वेगळे ओतून चिकटवतात, तिथली फट नखाला लागते का? रंग डोळ्याबाहेर सांडला आहे का? दात एकेक रंगवलेत की पांढऱ्या रंगाचा एकच पट्टा ओढलाय? मग तोल. पुढे लांब डोकं, वर शीड आणि आखूड पाय, यामुळे या प्राण्याची फिगर तोंडावर पडण्याचं प्रमाण फार. तीस सेंटिमीटर लांब फळी घ्या, तिच्यावर फिगर ठेवा आणि एक टोक पाच सेंटिमीटर उचला. साधारण दहा अंशांचा उतार होतो. चारही दिशांनी तोंड करून तो सहन केला तर तोलाचे पूर्ण गुण. हाताच्या टेकूवर उभी राहणारी फिगर असेल तर तसं स्पष्ट लिहा.

फोटो

परीक्षणाचा फोटो सजावटीचा नसतो, त्यावरून मोजता यायला हवं. उत्तरेच्या खिडकीचा उजेड, मागे करडा किंवा काळा कागद आणि सावलीच्या बाजूला पांढरी कार्डशीट उभी. मोबाइल एक मीटरभर लांब ठेवा आणि दुप्पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत थोबाड फुगतं आणि शेपूट आखडते, मग वाचणारा विनाकारण कंपनीला दोष देतो. लेन्स कंबरेच्या उंचीला आणा. बाजूचे दोन, समोरचा एक, वरून एक, डोक्याचा जवळचा एक आणि तळपायाचा एक असे सहा फोटो पुरतात. बाजूच्या फोटोत पट्टी ठेवायला विसरू नका.

वाकलेलं शीड, कललेली फिगर

खोक्यात दाबून आलेलं शीड आणि शेपूट गरम पाण्याने सरळ होते. आवाज किंवा दिवा असलेल्या फिगरला हा उपाय कधीही करायचा नाही.

१. पाणी तापवा. भांड्याच्या तळाला बुडबुडे धरू लागले की गॅस बंद करा. खळखळ उकळलेल्या पाण्यात चिकटवलेले सांधे सुटतात.
२. फक्त वाकलेला भाग बुडवा. पातळ शिडाला अर्धा मिनिट, शेपटीला एक मिनिट, जाड पायाला दोन-तीन मिनिटं.
३. आधी नुसतं बघत राहा. खोक्यात दबून वाकलेला भाग बऱ्याचदा स्वतःहून साच्यातल्या मूळ आकाराकडे परततो. तो परतला नाही तरच हात लावा.
४. हाताने वळवताना हव्या त्या जागेपेक्षा थोडं पुढे न्या, कारण सोडल्यावर ते मागे येतं.
५. तसंच धरून बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा. घाई इथेच नडते. आतलं प्लॅस्टिक अजून ऊन असतं आणि बाहेर काढताच पुन्हा वाकतं.

पोकळ फिगरच्या सांध्यांतून पाणी आत शिरतं. ते झटकून काढा आणि दोन दिवस तोंड खाली करून ठेवा. उभी फिगर एका बाजूला कलत असेल तर घोटा तापवून सपाट फरशीवर दाबून धरा. ही दुरुस्ती कायमची मात्र नसते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या खोलीत, तीच फिगर पुन्हा कलते. अशा वेळी पोटाखाली अॅक्रिलिकचा छोटा टेकू लावणं हाच बरा मार्ग. हेअर ड्रायर जवळ धरू नका, त्याने एकच जागा तापून रंग फुगतो.

धुणं आणि ठेवणं

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश, आणि खवल्यांच्या दिशेने घासायचं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांतलं काहीही रंगाला लावू नका. जुनी फिगर हाताला चिकट लागत असेल तर त्याचं कारण धूळ नसतं. पीव्हीसी, म्हणजे फिगरचं प्लॅस्टिक, मऊ ठेवायला घातलेलं तेलकट रसायन पृष्ठभागावर झिरपत असतं. साबणाने धुवा, सावलीत वाळवा आणि हवा खेळती ठेवा. हवाबंद डब्यात चिकटपणा वाढतो.

याच रसायनामुळे पीव्हीसीची फिगर थर्मोकोलवर महिनोन्महिने ठेवली तर थर्मोकोल विरघळून तिला चिकटतो. दोन फिगर एकमेकींना टेकल्या तर एकीचा रंग दुसरीवर उतरतो. गुंडाळायला जुनं धुतलेलं सुती कापड घ्या. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. ऊन लागलं की लाल आणि पिवळा रंग आधी उडतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात दमट भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढा. प्लॅस्टिकला सहसा बुरशी लागत नाही, पण खवल्यांतल्या धुळीला लागते. खोके, माहितीपत्रकं आणि वही यांना कसर लागते, त्यासाठी कडुलिंबाचा वाळका पाला फडक्यात बांधून ठेवा आणि दर पावसाळ्यात बदला. फिगरवर स्टिकर चिकटवून क्रमांक देऊ नका. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने क्रमांक लिहून पायाला सुती दोऱ्याने बांधा.

परदेशातून मागवायचं असेल तर खर्च आधीच मांडा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मागवण्याच्या दिवशीचा दर तपासा आणि पाठवणीच्या खर्चासकट रक्कम धरून मगच ऑर्डर द्या. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेला माल संग्रहाच्या कपाटात चालला तरी मुलांच्या खेळण्यात जाऊ देऊ नका.

सांगलीत कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच ठेवावा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला गेलं की सामान वर हलवायच्या यादीत खोके आणि वही आधी, इलेक्ट्रॉनिक फिगर नंतर आणि साध्या पीव्हीसीच्या फिगर शेवटी, कारण त्या भिजल्या तरी धुता येतात. पूर ओसरल्यावर गाळ वाळण्याआधीच त्या स्वच्छ पाण्याच्या दोन बादल्यांतून काढा. वाळलेला गाळ खवल्यांत बसला की ब्रशने घासताना वाळू रंग खरवडते. पोकळ फिगरमध्ये गाळ शिरला असेल तर पोटाखालच्या सांध्याजवळ सुईने दोन भोकं पाडा, साबणाचं पाणी आत-बाहेर करा, मग आठवडाभर सावलीत उलटी टांगून ठेवा.